अकोल्याची पाहणी

पूर्णाकाठ आंतरमहाविद्यालयीन क्रीडा मंडळ हे नाव एका दमात घेणं कठीण, आणि कबड्डीत दमालाच महत्त्व असल्यामुळे ते एका अर्थी योग्यच म्हणायचं. नावाच्या मानानं मंडळ लहान. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली सहा कॉलेजं, प्रत्येकानं प्रत्येकाच्या मैदानावर जाऊन कबड्डी खेळायची, यजमानांनी पाहुण्यांना पोटभर जेवू घालायचं आणि शेवटी ढाल कुणाला मिळाली यावरून वर्षभर कुरकुर करायची, एवढाच त्याचा कारभार. तो बरीच वर्षं सुरळीत चालला. मग गेल्या उन्हाळ्यात सहांपैकी एका कॉलेजनं अंग काढून घेतलं आणि मंडळ पाचांवर आलं. पाचांवर भागणार नव्हतं. मंडळाच्या प्रमाणपत्रावर खेळाडूंना परीक्षेत वाढीव गुण मिळत आणि त्या प्रमाणपत्राला मान्यता होती ती सहा कॉलेजं असतील तोवरच. गुण मिळणार नाहीत म्हटल्यावर कोणता प्राचार्य पोरांना एसटीचं भाडं देणार होता? सहावं कॉलेज मिळालं नाही तर मंडळाला गाशा गुंडाळावा लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

याची सगळ्यात जास्त धास्ती घेतली होती रागिणी मॅडमनं. ती अंजनगाव सुर्जीच्या एका कॉलेजात खेळ शिकवायची. मुलांचा संघ तिच्याकडे होता आणि मुलींचाही, पण तिचा जीव अडकला होता तो मुलींमध्ये. पानमळ्यांतल्या, केळीच्या बागांतल्या आठ पोरी. सकाळी घरची विड्याची पानं खुडून तशाच ओल्या हातांनी मैदानावर यायच्या. सात खेळणाऱ्या आणि एक राखीव. एखादीला पाहायला पाहुणे येणार असं कानावर आलं की रागिणी उरलेल्या पोरी मोजायला लागायची.

प्राचार्यांना हा संघ म्हणजे नसती ब्याद वाटे. पोरींना बाहेरगावी न्यायचं म्हणजे सोबत बाई हवी, घरच्यांची परवानगी हवी, आणि गाडीला जरा उशीर झाला की बापांचे फोन. तरी ते गप्प बसत, कारण मंडळाचा एक नियम होता. ज्या कॉलेजचा मुलींचा संघ नाही, त्याचा मुलांचा संघही घ्यायचा नाही. मुलांनी जिंकलेली ढाल प्राचार्यांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात होती आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते आधी ती दाखवत, मग खुर्ची दाखवत. तेव्हा त्या एका नियमाच्या जोरावर मुलींचा संघ तगून होता. मंडळ बुडालं की नियम बुडणार आणि नियम बुडाला की पोरी घरी बसणार.

अशात अकोल्याहून स्थळ चालून आलं. शहरात नव्यानंच उभं राहिलेलं खासगी विद्यापीठ, हमरस्त्याला लागून काचेची इमारत, दारात पिवळ्या बसगाड्यांची रांग. त्यांचं मूल्यांकन तोंडावर आलं होतं आणि खेळाच्या नावानं दाखवायला काहीतरी हवं होतं. म्हणून त्यांनी मंडळात येण्याची इच्छा कळवली. मंडळात एकदम दोन तट पडले. एक म्हणे, बुडत्याला हात मिळाला, धरा पटकन. दुसरा म्हणे, एवढं मोठं धूड आपल्यात आलं तर आपल्यालाच गिळून बसेल. शेवटी प्रत्यक्ष पाहून यावं असं ठरलं. पाहायला कोण जाणार, तर मंडळाचे सचिव खुशालराव आणि मुलींचा संघ तपासायला बाई पाहिजे म्हणून रागिणी.

खुशालराव अमरावतीच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले. रागिणीला कबड्डी त्यांनीच शिकवलेली. अकोल्याच्या बसस्टँडवर दोघं भेटले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिला कँटीनमध्ये नेऊन पोहे मागवले.

"पोट भरून घे," ते म्हणाले. "पाहणी होऊन निकाल लागेपर्यंत त्यायच्या घरचा चहासुदिक घ्याचा नाही."

"काहून, सर?"

"एकदा त्यायचं खाल्लं का मंग आपल्याले नाही म्हनता येत नाही. मी सोताले वयखतो न बाप्पा. मले कोनी तर्रीदार वांग्याची भाजी वाढली तं मी त्याले खेळाच्या आधीच ढाल देऊन टाकीन."

रागिणीला हसू आलं, पण त्यात खोटं काही नव्हतं. मंडळाचे निम्मे पंच जेवणाच्या पंगतीत मऊ पडलेले तिनं पाहिले होते. दोघांनी पोहे खाल्ले, वर चहा घेतला आणि ऑटोत बसले.

विद्यापीठात त्यांचं स्वागत कुलसचिवांनी केलं. उन्हातही कोट घातलेला, बोलणं अगदी पुस्तकी. मागे त्यांची खेळाची शिक्षिका, आरती नावाची, रागिणीहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. ती सबंध वेळ मागेच राहिली आणि विचारल्याशिवाय बोलली नाही.

दाखवण्यासारखं मात्र पुष्कळ होतं. बंदिस्त हॉल, वर दिवे, खाली जपानी चटयांसारखी मऊ मॅट. खुशालरावांनी चपला काढल्या आणि मॅटवर जाऊन उभे राहिले. आयुष्यभर काळ्या मातीवर गुडघे सोलून घेतलेला माणूस तो. त्यांनी हळूच एक पाय टाकून चढाईची पोझ घेतली, कुणी पाहिलं की काय म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा चपला घातल्या. मग व्यायामशाळा झाली, मुलांचा संघ झाला. मुलं चांगली तयार होती. खुशालराव खूश झाले.

"आणि हा आमचा मुलींचा संघ," कुलसचिव म्हणाले.

बारा मुली रांगेत उभ्या होत्या. नारंगी जर्सी, तिच्यावर पाकिटातल्या घड्या अजून तशाच. "काय खेळता पोरीहो?" असं खुशालरावांनी विचारलं आणि "कबड्डी, सर" असं बारा जणींनी एका सुरात सांगितलं. रागिणी एकेकीशी हात मिळवत निघाली. पहिलीचा हात हातात घेतला आणि ती थबकली. लांबसडक नखं, त्यांवर गुलाबी रंग. दुसरीची तशीच. तिसरीच्या तर नखांवर चमकीचे ठिपके. कबड्डीत सामन्याआधी पंच नखं तपासतो, वाढलेली असली तर तिथेच कापायला लावतो. ही पोरगी चढाईला गेली तर समोरचीचं थोबाड ओरबाडून परत येईल. या मुलींनी कबड्डी टीव्हीवर पाहिली असेल तर असेल.

रागिणीला सगळं कळलं आणि ती गप्प राहिली. राग आला होता, हे खरं. पण त्या रागाच्या शेजारीच एक सुटकेचा श्वासही होता, आणि त्याची तिला लाज वाटली. नियमापुरता मुलींचा संघ दिसत होता. खुशालरावांचं नखांकडे लक्ष गेलं नव्हतं. ती काही बोलली नाही तर मंडळ वाचत होतं, आणि मंडळाबरोबर तिच्या पोरी.

मग चहाच्या दालनात नेलं. टेबल भरून ठेवलं होतं. कचोऱ्या, शिरा, काजू, संत्र्याची बर्फी. खुशालरावांनी त्या सगळ्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि हात जोडले.

"आमी काही घेत नाही."

"निदान चहा?"

"नाही, चहाही नाही. माफ करा."

वऱ्हाडात मुलगी पाहायला आलेल्या माणसांनी पोह्यांना हात लावला नाही, तर पुढे काही विचारायचं नसतं. निरोप त्या बशीतच असतो. कुलसचिव पुस्तकी बोलत असले तरी इथलेच होते. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना अचानक एक बैठक आठवली, आणि "कळवा काय ते" एवढं म्हणून ते निघून गेले. खुशालरावांना यातलं काहीच उमगलं नाही. आपण किती चोख वागलो या समाधानात ते शिपायाला घेऊन हॉलमधले दिवे लागलेले कसे दिसतात ते पाहायला गेले.

आरती रागिणीजवळ आली.

"मॅडम, तुमचं नाही म्हनून ठरलंच हाये तं एक गोष्ट खरी पाहून जा."

अजून काही ठरलं नाही, हे वाक्य रागिणीच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि आरतीच्या मागे चालू लागली.

इमारतीच्या पाठीमागे, बसगाड्या धुतात त्याच्या पलीकडे, मातीचं एक मैदान होतं. फक्कीच्या रेषा कुणीतरी हातानं ओढलेल्या, जरा वाकड्याच. तिथे सहा मुली तीन-तीनचे गट करून खेळत होत्या. ओढण्या कमरेला गच्च बांधलेल्या. बाळापूर रस्त्याला त्यांच्या घरच्या भाजीच्या वाड्या होत्या. पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या आणि मग कॉलेजात यायचं.

"ह्या माह्या पोरी," आरती म्हणाली. "सहाच हायेत. सात पाह्यजे. म्हनून त्यायले लपवलं अन् मॅनेजमेंटच्या वर्गातल्या पोरी उभ्या केल्या."

"अन् सामने? ते कोन खेळन?"

"कोनीच नाही. साहेब म्हनते, मुलींच्या सामन्याले जाऊच नका, समोरच्यायले पुढे चाल द्या. मुलींचे सामने पाह्यते कोन?"

"सातवी भेटत नाही?"

"सामने असले तं भेटते न मॅडम. घरचे म्हनते, कुठी खेळाले जातच नाही तं शिकतं कायले? सामने नाही म्हनून सातवी नाही, अन् सातवी नाही म्हनून सामने नाही."

एवढ्यात एक काटकुळी पोर चढाईला आली. वाकून, जमिनीला जवळजवळ छाती लावून, कबड्डी कबड्डी करत ती तिघींच्या मध्ये शिरली. दोघींनी पाय धरला, तिसरी कमरेला लोंबली, आणि ती तिघींना ओढत मध्यरेषेपर्यंत आली, हात लांबवला, रेषेला बोटं टेकवली. रागिणीनं टाळी वाजवली, मग लक्षात आलं की आपण पाहणीला आलो आहोत. पोर धूळ झटकत हसली. हिला आपल्या संघात घेता आलं असतं तर, असं रागिणीच्या मनात आलंच.

बसस्टँडवर परत येताना तिनं खुशालरावांना सगळं सांगितलं.

"मॅट मातर झकास हाये," ते म्हणाले. मग तिच्याकडे न पाहता, "तू गप राह्यली तं मंडळ वाचते. तुह्या पोरीही वाचते."

"अन् मंग माह्या पोरी अकोल्याले येऊन काय करतीन, सर? पुढे चाल घेऊन घरी जातीन? अन् त्या सहाजनी बसगाड्याच्या मांगं तीन-तीन खेळत राह्यतीन?"

"मंग काय म्हनतं तू?"

"घ्या त्यायले मंडळात. पण अट घाला का ह्याच पोरीचा संघ पाह्यजे, अन् सातवी दिवाळीच्या आत उभी करा. एवढं मोठं विद्यापीठ, एक पोर नाही भेटत?"

"मांडून पाह्य," खुशालराव म्हणाले. त्यांचा आवाज काही भरवशाचा नव्हता, पण रागिणीला तो भरवशाचा वाटला, कारण तिला तसा हवा होता.

बैठक अमरावतीला झाली, रविवारी. समोर गिलावड्याच्या बशा होत्या आणि इथे खायला कुणाची ना नव्हती. पाच कॉलेजांचे पाच प्रतिनिधी. अमरावतीच्या एका कॉलेजचं मत खुशालरावांकडे, अंजनगावचं रागिणीकडे. खुशालरावांनी मॅटचं वर्णन केलं, दिव्यांचं केलं, मुलांच्या संघाचं केलं. ऐकता ऐकता सगळ्यांचे चेहरे खुलले. बुडत्याला हात म्हणणाऱ्यांना हात मिळाला होता आणि गिळून बसेल म्हणणाऱ्यांना मॅटवर एकदा खेळून पाहायचं होतं. आता हात वर करायचे तेवढे राहिले होते.

"मुलींचं सांगतो," म्हणत रागिणी उभी राहिली.

तिनं नखांपासून सगळं सांगितलं. त्या काटकुळ्या पोरीची चढाईही सांगितली. मग आपली अट मांडली आणि खाली बसली.

एकानं गिलावड्याचा तुकडा बशीत परत ठेवला.

"म्हनजे नियमानं त्यायले घेता येत नाही," दुसरा म्हणाला.

"नाही घेतलं तं आपण संपलो," तिसरा.

"अन् अट घातली तं ते येतीन कायले? मोठे लोक हायेत. आपल्यासारख्या पाच कॉलेजायच्या अटी ऐकतीन?"

घोडं तिथेच अडलं. तेव्हा दर्यापूरकडचे एक सर बोलले. अत्यंत सज्जन गृहस्थ; त्यांनी आयुष्यात कुणाचं मन दुखावल्याचं ऐकिवात नव्हतं.

"मी म्हनतो, तो नियमच काढून टाकू न," ते म्हणाले. "मुलींचा संघ ज्याले जमते त्यानं आणावा, नाही जमत त्यानं नाही आणावा. त्यायले खोटं बोलाची गरज राह्यत नाही, आपल्याले खोटं ऐकाची गरज राह्यत नाही."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. एवढी सोपी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही, असं जो तो म्हणू लागला. कुणी तर म्हणालं, की रागिणी मॅडमनं खरं ते समोर आणलं म्हणून हा मार्ग सापडला, त्यांचे आभार मानले पाहिजेत. तिचे आभार मानण्यात आले. रागिणी उठून उभी राहिली, "सर, असं करू नका, आमच्याकडे..." एवढं बोलली, पण तोवर हात वर जायला लागले होते. एक, दोन, तीन. खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि कोपर टेबलावरच ठेवून हात अर्धा वर केला. मोजताना तो पूर्ण धरला गेला.

अंजनगावच्या प्राचार्यांपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती. सोमवारी त्यांनी तिला बोलावलं आणि, कधी नव्हे ते, आधी खुर्ची दाखवली.

"वाचलं आपलं मंडळ. छान झालं," ते म्हणाले. "अन् मुलींचं आता ऐच्छिक झालं म्हनते. तुमचाही किती वेळ जात होता त्याच्यात. आता मुलांकडे नीट लक्ष द्या."

ती भांडली. पोरींची नावं घेऊन भांडली. प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, कपाटातल्या ढालीकडे पाहिलं आणि घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर तिनं पोरींना गोल बसवलं आणि काही न लपवता सांगितलं. अकोल्याचं सांगितलं, बैठकीचं सांगितलं, प्राचार्यांचं सांगितलं. आठही जणी ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर करिश्मा उभी राहिली. तिची सगळ्यात चांगली चढाईपटू, आणि सगळ्यात तापट.

"मॅडम, तुमी तिथी गप राह्यल्या असत्या तं आपण खेळलो असतो न?"

"हो."

"मंग काहून सांगतलं?"

रागिणीनं एसटीत बसून या प्रश्नाची दोन-तीन उत्तरं तयार केली होती. खरेपणाबद्दल एक होतं, खेळाडूवृत्तीबद्दल एक होतं. पोरीच्या तोंडाकडे पाहून तिनं ती सगळी बाजूला ठेवली.

"मले वाटलं त्याही खेळतीन अन् तुमीही," ती म्हणाली. "नाही झालं तसं. माह्यामुळं झालं हे."

करिश्मानं पायानं मातीचं ढेकूळ उडवलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. रागिणीला रडू येत होतं. पोरींसमोर रडायचं नाही म्हणून ती शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसली.

"त्या सहाजनी काय करते मंग आता?" प्राजक्तानं विचारलं. ही राखीव खेळाडू. बाहेर बसून पाहायची सवय असल्यामुळे तिला नेहमी दुसऱ्या बाजूचंही दिसायचं.

"तशाच. तीन-तीन खेळते."

"अन् आपण आठ." प्राजक्ता थांबली. "एक जन तिकून गेली तं सात-सात होते, मॅडम."

हे रागिणीला सुचलं नव्हतं. मग तिनं घाईघाईनं सगळ्या अडचणी सांगून टाकल्या, जणू तिलाच कुणीतरी अडवायला हवं होतं. प्रमाणपत्र नाही. वाढीव गुण नाहीत. ढाल नाही. एसटीचं भाडं आपलं आपण. घरी जे सांगायचं ते खरं सांगायचं. पोरी माना डोलावत होत्या.

"पण तिकून जाईन कोन?" रागिणीनं विचारलं.

आता मात्र सगळ्या जमिनीकडे पाहू लागल्या. आपल्याच पोरींच्या विरुद्ध, अनोळखी सहाजणींच्या बाजूनं उभं राहायचं कुणाला होतं?

"मी जातो तिकून," करिश्मा पाठमोरीच म्हणाली.

"तू?" दोघी-तिघी एकदम ओरडल्या. "तू गेल्यावर आपली चढाई कोन करन?"

"ते तुमी पाहा." ती वळली. डोळे लाल झाले होते, पण नजर सरळ रागिणीवर. "मले मॅडमच्या संघाले पाडाचं हाये."

रागिणीनं तिथूनच आरतीला फोन लावला. मंडळाबाहेरचा सामना आहे, तुमच्या मातीच्या मैदानावर, मॅट नको, असं सांगितलं. सातवी आमच्याकडून घ्या, असंही सांगितलं. आरतीचा विश्वास बसेना.

"राखीव पोर धाडून राह्यल्या का?"

"नाही. माह्यी सगळ्यायहून चांगली."

"मॅडम, पण आमच्याकून मनापासून खेळन का ते?"

समोर करिश्मानं ओढणी कमरेला बांधली होती आणि एकटीच मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्यात जाऊन उभी होती. बाकीच्या सातजणी अलीकडे, तिच्याकडे बघत.

"लय रागावली हाये माह्यावर," रागिणी म्हणाली. "ते आता आमाले सोडत नाही."